खाड्यांची वही

आमच्या घरात एक वही आहे, तिला शेवटचं पान नाही. सरळ धरून उघडली की मी वाचलेल्या कादंबऱ्यांच्या नोंदी सुरू होतात आणि उलटी फिरवून उघडली की दुधाचा हिशोब. दोन्ही मजकूर आपापल्या बाजूनं सरकत सरकत मधे एका पानावर भेटतात. त्या पानाचं सांगायचं आहे, पण इतक्यात नाही.

वही घेतली जून 1986 मध्ये. थोरला पहिलीत गेला होता. डोंबिवलीत स्टेशनालगतच्या दुकानात वह्या डझनानं घेतल्या तर स्वस्त पडत होत्या आणि शाळेच्या यादीत होत्या अकराच. बारावी मी ठेवून घेतली. हिनं बाकीच्या वह्यांबरोबर तिलाही खाकी कव्हर घातलं, लेबल चिकटवलं आणि कव्हर घालण्याच्या त्याच झपाट्यात माझ्यासमोर सरकवली. लेबलवर चार ओळी : नाव, इयत्ता, तुकडी, विषय. नाव लिहिलं. विषयापुढे लिहिलं, ‘अभिजात कादंबरी’. तुकडी ‘अ’. इयत्ता मात्र काही केल्या सुचेना, ती आजही रिकामी आहे. ‘अभिजात’ हा शब्द तेव्हा आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. 2024 च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा टीव्हीसमोर बसलेली ही म्हणाली, “तुमच्या वहीला तर अडतीस वर्षांपूर्वीच मिळाला होता की.”

दुधाचं असं झालं. दुधाचा हिशोब सगळी दुनिया कॅलेंडरवर लिहिते, पण आमचं कॅलेंडर गॅसच्या बरोबर वर टांगलेलं. वाफेनं शाई पसरायची आणि महिनाअखेरीस भय्याशी वाद. महिना संपायच्या आतच हिनं माझी वही उलटी फिरवली आणि मागल्या पानावर तारखा आखल्या. बारीक अक्षर, एका पानावर चार महिने. दूध आलं की लिटर, नाही आलं की फुली. फुलीला म्हणतात खाडा. मला तो शब्द इतका आवडला की मी तो तसाच उचलून पुढच्या बाजूला आणला. माझे रकाने झाले : तारीख, पुस्तक, लेखक, पानं, खाडे आणि शेरा. ज्या दिवशी वाचन झालं नाही तो खाडा. भय्याच्या खाड्याचे पैसे कापता येत, माझ्या खाड्याचे कुणाकडून कापणार?

पहिली नोंद हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ची. इथे मी एक प्रयोग केला होता. ही कादंबरी हरीभाऊंच्या ‘करमणूक’ साप्ताहिकात 1890 पासून आठवड्या-आठवड्यानं येत होती. त्या वेळच्या वाचकानं जशी वाचली तशी आपण वाचायची, म्हणजे आठवड्याला एकच हप्ता, असं मी ठरवलं. प्रत्येक शनिवारी रात्री जेवण झाल्यावर एक प्रकरण, मग पुस्तक कपाटात आणि किल्ली हिच्याकडे. पहिला आठवडा निभावला. दुसऱ्या आठवड्यात बुधवारी मी किल्ली मागितली. “काय हवंय?” “विम्याची पावती.” पावती दीड तास शोधली. तिसऱ्या आठवड्यात किल्ली कपाटालाच राहू लागली आणि चौथ्यात कादंबरी संपली. 1890 च्या वाचकाला आठ दिवस थांबता यायचं याचं मला फार कौतुक वाटे. त्याच्याकडे पुढचा अंकच नव्हता, हे माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

नोंद मात्र वाचवत नाही. ‘भाषा जुन्या वळणाची असली तरी तत्कालीन स्त्रीजीवनाचे वास्तव चित्रण. यमूची व्यक्तिरेखा हृद्य. अप्रतिम.’ कॉलेजात गाइडमधून पाठ केलेलं वाक्य तेरा वर्षं डोक्यात दबा धरून बसलं होतं आणि वही दिसताच बाहेर पडलं. खाली पेन्सिलीनं एक ओळ आहे, ती माझी नाही. ‘शंकरमामंजी अजून जिवंत आहेत. पत्ता देऊ?’

ही माझी वही वाचते हे मला असं कळलं. आधी राग आला. मग कादंबरीतल्या मामंजींच्या वर्णनाशी जुळणारी तिच्या माहेरची दोन आणि माझ्याकडची तीन माणसं आठवली, आणि शेऱ्याच्या रकान्यात तिचाच शेरा जास्त शोभतो हे कबूल करावं लागलं. पुढे मग तिच्या पेन्सिलीसाठी मी प्रत्येक नोंदीखाली दोन बोटं जागा सोडू लागलो. तसं तिला कधी सांगितलं नाही.

हीच कादंबरी मी 2009 मध्ये पुन्हा वाचली. ती नोंद दोनच वाक्यांची आहे : ‘यमू सांगत बसते तेव्हा हरीभाऊ सव्वीस वर्षांचे होते. मी सव्विसाव्या वर्षी साहेबांच्या टेबलावरच्या काचेखाली रेल्वेचं टाइमटेबल सरकवत होतो.’ एका तरुण पुरुषानं एका बाईच्या तोंडून तिचं बालपण, सासर, वैधव्य असं सगळं सांगावं, आणि वाचताना लेखक कुठे दिसूच नये, हे 1986 मध्ये माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ‘वास्तव चित्रण’ लिहून मी मोकळा झालो होतो.

रिकामपणी मी एकदा वहीतले शब्द मोजले. ‘अप्रतिम’ 31 वेळा. ‘वास्तव’ 19 वेळा. ‘चटका लावणारा शेवट’ 22 वेळा. या 22 चं मला विशेष वाटलं, कारण एकूण नोंदीच सत्तरच्या आसपास आहेत. चार्ल्स डार्विननंही वाचनाच्या वह्या ठेवल्या होत्या : 1838 पासून 1860 पर्यंत, ‘वाचायची पुस्तकं’ वेगळी आणि ‘वाचलेली’ वेगळी. उत्क्रांतीचा विचार करणाऱ्या माणसाला हे सुचावं आणि मला ते दोन रकाने न सुचावेत, असो. पण याच डार्विननं आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की बायकोनं वाचून दाखवलेल्या कादंबऱ्या त्याला बऱ्यापैकी असल्या तरी चालत, फक्त शेवट दुःखाचा नको, आणि अशा शेवटांविरुद्ध कायदाच करायला हवा. हा कायदा महाराष्ट्रात लागू झाला तर काय होईल याचा मी कर्जत लोकलमध्ये उभ्या उभ्या विचार केला. हरीभाऊ पहिल्याच दिवशी आत. मागोमाग ‘धग’बद्दल उद्धव शेळके, ‘बनगरवाडी’बद्दल माडगूळकर, ‘रणांगण’बद्दल बेडेकर. येरवडा पुरणार नाही.

लोकलचा उल्लेख झाला म्हणून ‘अर्धवट’ या शेऱ्याबद्दल सांगतो. बा. सी. मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ मी तीनदा हातात घेतली आणि तिन्ही वेळा खाली ठेवली, तीही साधारण त्याच पानावर. 1942 ची कादंबरी, माणसाच्या मनात विचार जसे वाहतात तसे पकडणारी, ज्याला संज्ञाप्रवाह म्हणतात. पुस्तकाचा काही दोष नाही. मर्ढेकरांचा प्रवाह आणि कुर्ल्याला आत शिरणारा प्रवाह एकाच वेळी झेलणं मला जमलं नाही. शेरा : ‘अर्धवट (मी).’

‘धग’ला मात्र एकही खाडा नाही. 1960 ची कादंबरी, विदर्भातलं खेडं, आणि कौतिक नावाची बाई संसाराचा गाडा एकटीनं ओढताना. संवाद वऱ्हाडीत. मी पडलो कोकणातला, तेव्हा वहीत वऱ्हाडी शब्दांची यादी करायला घेतली. ही परतवाड्याची, पण तिला विचारायचं नाही, संदर्भानं अर्थ लावायचा, असा माझा बाणा. पुस्तकातले शब्द संपले तेव्हा सासुरवाडीत कानावर पडलेलेही यादीत घातले. त्यातला एक होता ‘बयताड’. मेहुण्यांच्या बैठकीत तो दोनदा ऐकला होता. मी विचारपूर्वक अर्थ लिहिला : ‘वैतागलेला, त्रासलेला.’ हिनं त्या दिवशी पेन्सिल सोडून लाल पेन घेतलं. अर्थ खोडला आणि पुढे लिहिलं, ‘बयताड म्हणजे तुम्ही.’ यादीतले आणखी चौदा अर्थ तिनं दुरुस्त केले आहेत. खाली कादंबरीवर तिची एकच ओळ : ‘महादेवला पहिल्या प्रकरणातच दोन ठेवून द्यायला हव्या होत्या.’ मी याच पुस्तकावर दारिद्र्य आणि नियती या विषयावर पाऊण पान लिहिलं आहे. महादेव, म्हणजे कौतिकचा नवरा, त्यात एकदाही येत नाही.

‘कोसला’नं वहीवर जे केलं ते दुसऱ्या कुठल्या पुस्तकानं केलं नाही. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी 1963 ची. माझ्या वयाच्या मुलांनी ती कॉलेजातच वाचून पांडुरंग सांगवीकरासारखं बोलायला सुरुवात केली होती. मला उशीर झाला, पण लागण झाली ती तितकीच जोराची. वहीत 1988 च्या पावसाळ्यातल्या सगळ्या नोंदींत ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ यांची पेरणी आहे. पुढल्या पुस्तकाची नोंद सुरू होते ती ‘उदाहरणार्थ ही कादंबरी ऐतिहासिक वगैरे आहे’ अशी. एवढ्यावर भागलं असतं, पण मी रजेचा अर्जही तसाच लिहिला. ‘मला ताप वगैरे आल्यामुळे’ अशी सुरुवात होती. साहेबांनी अर्ज परत पाठवला. समासात त्यांच्या हातचं : ‘वगैरे म्हणजे काय, ते स्पष्ट करावे.’ पांडुरंगाला असे साहेब भेटले असते तर कादंबरी निम्म्यावर आली असती. हिनं मात्र ‘कोसला’ वाचताना फक्त पांडुरंगाच्या बहिणीचं, मनीचं मरण वाचलं, पुस्तक मिटलं आणि देव्हाऱ्यापाशी जाऊन जरा वेळ उभी राहिली. शेरा नाही.

परदेशातल्या कादंबऱ्यांच्या नोंदी थोड्या आहेत आणि त्यांतली टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’ची नोंद म्हणजे नोंद नाहीच, वंशावळ आहे. इंग्रजी अनुवाद हाती घेतला आणि तिसाव्या पानावर कोण कुणाचा कोण याचा पत्ता लागेना. एकच माणूस आई हाक मारते तेव्हा वेगळा, नोकर हाक मारतो तेव्हा वेगळा, पार्टीत वेगळा. रोस्तोव, बोल्कोन्स्की, बेझुखोव, कुरागिन, द्रुबेत्स्कोय अशी पाच घराणी. मी वहीची दोन पानं आडवी धरून झाड काढलं, पण फांद्या समासाबाहेर जाऊ लागल्या. मग एका रात्री उजेड पडला. नताशाचं पूर्ण नाव नताल्या इल्यिनिच्ना रोस्तोवा. वडिलांचं नाव इल्या. म्हणजे आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. अहो, ही तर रेशनकार्डावरची पद्धत! आपण हे कशाला शिकायचं, आपण तर जन्मापासून असेच लिहिले जातो. मी लगेच सगळ्यांची कार्डं तयार केली. बेझुखोव प्योत्र किरिल. बोल्कोन्स्की आंद्रेई निकोलाय. कुटुंबप्रमुख : रोस्तोव इल्या आंद्रेई, माणसं इतकी, कर्ज फार. आडनाव आधी लिहिल्यावर तर नेपोलियनसुद्धा शिधावाटप कार्यालयात रांगेत उभा असल्यासारखा वाटू लागला. त्या दिवसापासून बाराशे पानं मी विनातक्रार वाचली. खाडे 17, तेही गणपतीत.

हिनं त्या कार्डांवर एकच दुरुस्ती केली. प्रिन्स वासिलीच्या नावापुढे कंसात माझ्या एका चुलत्यांचं नाव लिहिलं. वासिली म्हणजे मुलामुलींची लग्नं पैशाच्या घरात जुळवत फिरणारा गृहस्थ. चुलते हयात असल्यामुळे मी ते खोडलं, पण वाचताना संपूर्ण रशियन दरबारात तो एकच माणूस मला धोतर नेसलेला दिसला.

आता वहीतली माझी सगळ्यांत मोठी नोंद. ‘बनगरवाडी’. कादंबरी लहानशी, 1955 ची; नोंद अकरा पानांची. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर, कारभारी, आयबू, आनंदा रामोशी, सगळ्यांनी मिळून बांधलेली तालीम आणि मग दुष्काळ. मला वाटलं, यावर आपण लेखच लिहावा. वाडीचा नकाशा काढला : शाळा इथे, कारभाऱ्याचं घर तिथे, तालीम पलीकडे, विहीर. विहिरीच्या जागेबद्दल चार दिवस घोळ घातला. ‘माणूस आणि माती यांचं अद्वैत’ असं उपशीर्षक दिलं. लेख सुवाच्य अक्षरात उतरवून एका दिवाळी अंकाला पाठवला. तो साभार परत आला, सोबत माझाच पत्ता लिहिलेला लिफाफा आणि ‘नकाशा छान आहे’ एवढा मजकूर.

पण खरी गंमत पुढची आहे. आज कुणी मला ‘बनगरवाडी’बद्दल विचारलं तर मला आठवतात ती माझी वाक्यं. अद्वैत आठवतं, उपशीर्षक आठवतं, विहिरीचा घोळ आठवतो. दुष्काळात वाडी रिकामी होत जाते ते पान मात्र दर वेळी पुस्तक काढून बघावं लागतं. याउलट ज्या पुस्तकांपुढे मी फक्त तारीख टाकली, त्यांतली माणसं जिन्यात भेटल्यासारखी आठवतात. लिहिलं की विसरायची मोकळीक मिळत असावी, किराणा मालाच्या यादीचं होतं तसं. यादी केली की जिन्नस डोक्यातून जातात आणि नेमकी यादीच घरी राहते.

2011 च्या जुलैत मी निवृत्त झालो. नारळ, शाल, एक घड्याळ आणि ‘मृत्युंजय’च्या दोन प्रती मिळाल्या. वहीत तोवर पुढून माझी आणि मागून दुधाची अशी दोन्हीकडची पानं सरत आली होती, मधे दोन कोरी राहिली होती. ऑगस्टच्या अखेरीला विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ आणली. कॉलेजात वाचली होती, पण ती वहीच्या आधीची. 1939 ची कादंबरी, युद्ध पेटलं त्याच वर्षातली. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन सुटलेले ज्यू, आणि त्यांच्यातली हॅर्टा. तिच्यात आणि नायक चक्रधर विध्वंसात जे होतं ते बोटीवर होतं आणि बोट कुठेतरी लागणारच असते. बेडेकरांची ही एकच कादंबरी. एका बैठकीत संपते आणि मग रात्रभर संपत नाही. मी वही काढली. तारीख, पुस्तक, लेखक, पानं. खाडे : नाही. शेरा, आणि पुढे दोन टिंबं. पेन धरून बसलो. अप्रतिम लिहिणं बरं दिसेना. चटका तर नाहीच. टोपण लावलं आणि उद्या लिहू म्हणून खालची जागा आणि समोरचं सबंध पान तसंच ठेवलं.

आठवड्यानं वही उघडली तर त्या जागेत, उलट्या अक्षरांत, सप्टेंबरच्या तारखा आखलेल्या.

“अहो, इथे का लिहिलंत?” असं मी हिला विचारलं. रागावलो की मी हिला अहोजाहो करतो.

“रिकामं होतं.”

“रिकामं नव्हतं ते.”

तिनं चष्मा लावला. पान खिडकीपाशी नेलं, सरळ धरलं, उलट धरलं. “काय होतं?”

मला सांगता येईना. मी पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. तिनं लेखकाचं नाव वाचलं. “बेडेकर. म्हणजे मालतीबाईंचे यजमान?” ‘कळ्यांचे निःश्वास’ तिच्या आईच्या ट्रंकेत होतं, विभावरी शिरूरकर या टोपणनावानं 1933 मध्ये आलेलं, त्या नावामागे मालतीबाई आहेत हे तिला माझ्याआधी ठाऊक. “दोघंही लिहिणारे,” ती म्हणाली, “मग त्यांच्याकडे दूध कोण बघायचं?” आणि पुस्तक घेऊन गॅलरीत गेली.

तीन वाजले असतील. चार वाजता चहा झाला नाही. पाचाला मी दारातून डोकावलो तर ती पाठमोरी होती, पाय दुसऱ्या खुर्चीवर. सव्वापाचला संध्याकाळचं दूध आलं. तिनं उठून पातेलं गॅसवर ठेवलं आणि परत जाऊन बसली. मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. वास आला तेव्हा मला वाटलं शेजारचं असेल.

रात्री तिनं ओटा पुसला, बर्नर धुऊन उपडे ठेवले. पुस्तकाबद्दल अवाक्षर काढलं नाही. पेन्सिलही हातात घेतली नाही. मी दोन बोटं जागा शोधून ठेवली होती, ती तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ‘रणांगण’च्या पानावर, वही उलटी फिरवल्यावर वाचता येतं असं, 9 तारखेपुढे तिच्या बारीक अक्षरात लिहिलेलं : ‘1 लिटर. पैकी अर्धा उतू गेला.’